प्रकरण चौदावे : कवळी घट्ट होती

दादांचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला, आणि पहिला अर्धा तास दादा खूश होते. ही गोष्ट त्यांनी नंतर कुणाजवळ कबूल केली नाही. पण पस्तीस वर्षं ज्या माणसाने प्रार्थनाघरात साठ-बासष्ट डोक्यांसमोर प्रवचन केलं, आणि त्यातली दहा-बारा डोकी दर शनिवारी छातीवर कललेली पाहिली, त्याला रविवारी सकाळी मुलाने फोन करून "बाबा, तुम्ही सगळीकडे फिरताय" असं सांगितलं तर त्याचे पाय जमिनीवर राहतील कसे? दादांनी चष्मा लावून स्वतःला दोनदा पाहिलं. आवाज खणखणीत होता. नवी कवळी झळकत होती. ती व्याह्यांनी शुक्रवारीच बसवून दिली होती, वरची आणि खालची दोन्ही, आणि बसवताना ते म्हणाले होते की आता तुमचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

तो त्याच्याही बराच पलीकडे गेला होता.

मग दादा व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचू लागले, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रवचन रागावर होतं. माणसाने राग कसा गिळावा, शब्द कसा तोलावा, असं सगळं सांगता सांगता दादा मधेच म्हणाले होते, "इस्लामकडे बघा. तो जिथे गेला तिथे आधी तलवार गेली आणि मागून प्रार्थना." बस, एवढंच. पुढे ते पुन्हा रागाकडे वळले होते, पण पुढचं कुणी पाहिलं नव्हतं. वाक्यही दादांचं नव्हतं. त्यांचे वडील, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणे, तेही प्रवचनकार होते. त्यांनी मागे अकरा जाड वह्या ठेवल्या होत्या आणि दादा दर आठवड्याला त्यांतून एखादा उतारा उचलत. वाक्याला ठेका होता, म्हणून ते उचललं गेलं. ते खरं आहे की खोटं, हा प्रश्न दादांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

आता ज्याच्या घरात हे घडलं त्याचे व्याही मुसलमान नसते तर गोष्ट कदाचित चार दिवसांत विरून गेली असती. पण दादांच्या मुलीने सात वर्षांपूर्वी लग्न केलं होतं ते दातांच्या डॉक्टरांच्या मुलाशी. दोघांची गाठ पडली तीच मुळी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर, आत दादांची अक्कलदाढ निघत असताना. त्या दिवशी दाढेबरोबर आणखीही काही निघालं असावं, असं दादांची बहीण गेले तीन दिवस सगळ्यांना सांगत होती.

मंगळवारी दुपारी सगळे दादांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले. प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी पाच वाजेपर्यंत लेखी निवेदन मागितलं होतं. निवेदन आलं नाही तर शनिवारपासून दुसरा माणूस बोलेल, असंही त्यांनी सौम्य शब्दांत कळवलं होतं. दादांना त्या दुसऱ्या माणसाचा आवाज माहीत होता. मिक्सरमध्ये चमचा अडकल्यासारखा आवाज.

टेबलाच्या एका टोकाला दादा आणि दुसऱ्या टोकाला मुलगी. मुलीला आठवा महिना लागला होता, त्यामुळे तिची खुर्ची टेबलापासून हातभर मागे होती. ती रविवारपासून बापाशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते आईला सांगायची. आई मधल्या खुर्चीत बसली होती आणि टपाल इकडून तिकडे करत होती. जावई आले नव्हते. ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि लिफ्टच्या खड्ड्यात फोन लागत नाही, असं मुलीने आल्याआल्या सांगून टाकलं. पण तीन दिवस कुणी खड्ड्यात राहत नाही, हे प्रत्येकाला कळत होतं.

दादांचा मुलगा गाद्यांच्या कंपनीत जाहिराती लिहितो. तो निवेदनाचे पाच नमुने छापूनच घेऊन आला होता आणि प्रत्येकाला त्याने नंबर दिले होते. शेजारी आत्या, म्हणजे दादांची धाकटी बहीण. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून काढलेली, लग्न न केलेली, आणि नोकरीत असताना सरावासाठी आणि निवृत्तीनंतर हात गंजू नये म्हणून भावाचं प्रत्येक प्रवचन पहिल्या रांगेत बसून लघुलिपीत उतरवून घेणारी. तिची वही टेबलावर उघडी होती. दादांना त्या वहीची इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती.

"नमुना एक," मुलाने वाचलं. "माझ्या विधानाचा काही लोकांनी विपर्यास केला आहे."

आत्याने बोट फिरवत आपल्या वहीतली ओळ शोधली. मग कोर्टात वाचून दाखवत असे तशा सपाट आवाजात तिने शनिवारचं वाक्य वाचलं, दादा तलवारीच्या आधी थोडं थांबले होते त्या जागी 'इथे विराम' असंही म्हणाली. "विपर्यास नाही. अक्षरन् अक्षर तेच आहे. पुढचा नमुना."

दुसऱ्या नमुन्यात वाक्य संदर्भ सोडून घेतल्याचं म्हटलं होतं. दादांना तो एकदम पटला. संदर्भ तर रागाचा होता, ते म्हणाले, मी रागाबद्दलच बोलत होतो. आत्या म्हणाली, ठीक आहे, संदर्भ देऊ. आणि तिने त्याच्या आधीचं वाक्य वाचलं. ते असं होतं की काही समाजांच्या रक्तातच राग असतो.

मुलाने पेन काढून नमुना दोनवर आडवी रेघ मारली. "संदर्भ नकोच," तो म्हणाला.

तिसरा नमुना त्याचा लाडका होता. तो त्याने गादीच्या जाहिरातीसारखा, मऊ आवाजात वाचला. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.

"आई," मुलगी म्हणाली, "त्यांना विचार, यात 'तर' कशाला आहे."

"ती विचारतेय, 'तर' कशाला," आई म्हणाली.

"मी ऐकलं," दादा म्हणाले.

"त्यांनी ऐकलंय," आईने लेकीला कळवलं.

त्या एका 'तर'वर घर अर्धा तास अडून बसलं. मुलाचं म्हणणं, 'तर'शिवाय निवेदन म्हणजे सरळ गुन्ह्याची कबुली. आई त्याच्या बाजूची होती. तिला 'तर' शिष्टाचाराचा वाटत होता, आगाऊ न विचारता कुणाच्या घरी गेलो की आपण 'त्रास झाला असेल तर माफ करा' म्हणतो तसा. मुलगी म्हणाली की दुखावल्या असतील तर नाही, दुखावल्या आहेत, आणि ज्याच्या दुखावल्या तो तिच्या घरात राहतो आणि गेले तीन दिवस जेवताना ताटातून मान वर करत नाही. आत्या तिच्या बाजूची झाली. 'तर' हा शब्द कोर्टात फक्त वकील वापरतात, साक्षीदार वापरत नाहीत, असं तिने सांगितलं. दोन विरुद्ध दोन. सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी चहा घेतला. चहा गार झाला होता, तरी फुंकर मारून घेतला.

मग मुलाने एक चूक केली. तो म्हणाला, एवढं कशाला, हे वाक्य आप्पाआजोबांच्या वहीतलं आहे, तसं सांगून टाकू. वारलेल्या माणसावर कोण खटला भरतंय.

आत्याने वही मिटली. इतका वेळ ती मुलीच्या बाजूची होती. त्या क्षणी ती कुणाच्याच बाजूची राहिली नाही.

"त्या अकरा वह्या मी लिहिल्यात," ती म्हणाली. "आप्पा सांगत आणि मी लिहून घेत असे. हे वाक्यही मीच लिहून घेतलंय, वयाच्या अठराव्या वर्षी, तेव्हा मला काही वाटलं नाही. पण दादा, तू मला एक सांग. आप्पांनी उभ्या जन्मात एक तरी मुसलमान माणूस पाहिला होता का?"

दादांनी आठवून पाहिलं. ते लहानपणी राहत त्या गावात खरंच कुणी नव्हतं. आप्पा गावाबाहेर गेले ते दोनदा, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला आणि एकदा स्वतःच्या लग्नाला.

"त्यांनी ते कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून घेतलं. विचारायला कुणी नव्हतंच त्यांच्याजवळ. तुझ्याजवळ व्याही आहे." आत्याने टोपण लावून पेन खाली ठेवलं. "आप्पांचं नाव निवेदनात आलं तर मी विश्वस्तांना माझ्या वह्या देईन. सगळ्याच. पस्तीस वर्षांच्या."

पस्तीस वर्षांत आपण आणखी काय काय बोललो असू, याचा हिशेब करायला दादांचं मन धजेना.

नमुना चार बाद झाला, कारण तो आप्पांबद्दलच होता. उरला पाच. मुलगा जरा खाकरला. ही कल्पना त्याला रात्री अंथरुणात सुचली होती आणि दिवसाउजेडी ती तितकीशी चांगली दिसत नसावी. त्याने सांगितलं की शुक्रवारी बाबांची कवळी बसली. शनिवारी ते बोलले. नव्या कवळीने शब्द घसरतात, हे कुणालाही पटेल. बाबांना म्हणायचं होतं वेगळंच, कवळी सरकली आणि तोंडातून भलतंच गेलं. त्यासाठी दातांच्या डॉक्टरांचा दाखला मिळाला की झालं.

"दाखला कुणाकडून?" मुलगी पहिल्यांदाच थेट भावाशी बोलली.

"त्यांच्याकडूनच. तेच तर त्यातलं उत्तम आहे. मुसलमान डॉक्टर स्वतः लिहून देतोय म्हटल्यावर कोण बोलणार?"

मुलीने डोळे मिटले आणि पोटावर दोन्ही हात ठेवले, जणू आतल्या बाळाचे कान झाकत होती. पण आईला कल्पना आवडली. आई कवळीच्या बाजूची झाली, कारण त्यात कुणीच वाईट ठरत नव्हतं. आत्याने आपण कोर्टात याहून वाईट बचाव चालताना पाहिल्याचं सांगितलं. आणि दादांनी? दादांनी जिभेने वरची कवळी आतून चाचपून पाहिली. ती हलत नव्हती. त्यांनी जरा जोर लावून पाहिला. तरी हलेना. त्यांना थोडं वाईट वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली, आणि दारात डॉक्टरच उभे.

दादांची चारची वेळ होती, ते म्हणाले, कवळी टोचते का ते बघायची. दादा दवाखान्यात येणार नाहीत असं त्यांना वाटलं, म्हणून तेच आले. हातात लहान काळी बॅग होती. दादांशी ते नेहमी हात मिळवत, आज बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि खुर्ची ओढून बसले. सुनेला कसं वाटतंय ते विचारलं. चहा नको म्हणाले. सकाळपासून मशिदीच्या समितीत बसलो होतो, तिथे सहा चहा झाले, असं म्हणाले. डॉक्टर त्या समितीचे सचिव होते.

"तिकडेही निवेदन?" आत्याने विचारलं.

"तुमच्या निवेदनाला उत्तर. ते तयार झालंय. आता तुमचं निवेदन आलं की झालं." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आमचे इमाम साहेबही काही कमी नाहीत. त्यांना लिहायचं होतं की या धर्मगुरूची जीभ त्याच्या मेंदूपेक्षा मोठी आहे. ते मी खोडलं."

"आभारी आहे," दादा पुटपुटले.

"शरीरशास्त्राप्रमाणे चूक होतं," डॉक्टर म्हणाले.

मग मुलाने दाखल्याची गोष्ट काढली. दादांनी त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, हेही खरं. ते खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चटई झटकत होतं तिकडे पाहत राहिले, आणि मुलगा घसरणाऱ्या शब्दांबद्दल बोलत राहिला. बोलणं संपलं तेव्हा डॉक्टर दादांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दादांना राग अपेक्षित होता. तिथे राग नव्हता. तिथे काळजी होती, पेशंट समोर बसला की असते ती.

"सरकते?" त्यांनी विचारलं.

"थोडी," दादा म्हणाले. प्रवचनकार पस्तीस वर्षांत इतकं लहान खोटं कधी बोलला नसेल, आणि ते इतकं जडही कधी गेलं नसेल.

डॉक्टरांनी बॅगेतून हातमोजे आणि छोटा आरसा काढला, उठून दादांच्या मागे आले आणि त्यांची मान दिव्याकडे वळवली. तोंड उघडा, म्हणाले. दादांनी उघडलं. सगळं घर बघत होतं. डॉक्टरांनी बोटाने वरची कवळी दाबली, खालची दाबली, हिरड्यांवरून आरसा फिरवला, मग हातमोजे काढून समोर येऊन बसले.

"आता म्हणा, 'सासरा.'"

"सासरा."

"'शिस्त.'"

"शिस्त."

"'तलवार.'"

दादा थांबले. डॉक्टर वाट बघत होते. आत्याने सवयीने पेन उचललं.

"तलवार," दादा म्हणाले.

"पुन्हा."

"तलवार."

"जरा प्रवचनातल्यासारखं म्हणा."

"डॉक्टर..."

"तपासतोय मी. म्हणा."

"तलवार," दादा म्हणाले, आणि शब्द इतका स्वच्छ, इतका खणखणीत बाहेर पडला की स्वयंपाकघरातल्या कपाटाची काच किंचित वाजली. आईला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलायचे ते हललेच. मुलगाही दुसरीकडे बघू लागला.

डॉक्टरांनी मान डोलावली. "कवळी घट्ट आहे. मी सत्तावीस वर्षं कवळ्या करतोय, ही माझी सर्वांत चांगली आहे. मी तिच्यावर आळ येऊ देणार नाही." ते मुलाकडे वळले. "तू कंपनीच्या गादीत खोट आहे असं लिहून देशील का?"

मुलाने नमुना पाचची घडी केली आणि खिशात टाकली.

"दादा, तुम्ही बारा वर्षं माझ्यासमोर तोंड उघडून बसता," डॉक्टर पुढे म्हणाले. आवाज अजूनही तसाच होता, पण त्यांनी बॅगेची चेन लावायला घेतली आणि ती त्यांच्या हातून दोनदा अडकली. "माझ्या हातात ड्रिल असतं, सुया असतात, पकड असते. तुम्ही डोळे मिटून पडलेले असता. एकदा तर घोरलात. मला वाटायचं, या माणसाला माझी भीती नाही. बरं वाटायचं मला."

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला, टेबलावर ठेवला, आणि तो कुणी उलगडावा हे न सुचल्यासारखे त्याच्याकडे बघत बसले.

मुलीने हात लांब करून तो उलगडला. वाचला. उठली, टेबलाला वळसा घालून सावकाश दादांपर्यंत आली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, वाचा," ती म्हणाली.

कागदावर वर दादांचा फोटो होता, पांढऱ्या झग्यातला, एक हात वर केलेला. खाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य. त्याखाली, 'इथे दात दाखवण्याआधी विचार करा.' चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे अजून होते. तो सकाळी दवाखान्याच्या काचेवर लावलेला सापडला, डॉक्टर म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी काढला, पण त्याआधी किती वेळ होता ते माहीत नाही. कालपासून सात जणांनी वेळ रद्द केली. सातही जण दादांच्या प्रार्थनाघरात येणारे.

दादा फोटोकडे बघत होते. दोन दिवसांपूर्वी त्यांना हाच चेहरा देखणा वाटला होता. आता त्यांना असं वाटलं की आपण रात्री उठून, झगा घालून, चिकटपट्टी घेऊन स्वतःच त्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो. तसे गेलो नव्हतो, पण गेल्यासारखंच होतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि शब्द येईनात. हे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे घरातल्या कुणालाच ते लगेच ओळखता आलं नाही. आईला वाटलं, कवळी खरंच सरकली.

"डॉक्टर, मी चुकलो," अखेर ते म्हणाले. "मला त्यातलं काही माहीत नव्हतं. वाक्य कानाला गोड लागलं म्हणून बोललो. आणि आत्ता सरकते म्हणालो, तेही खोटं होतं."

"ते तर मला कळलंच," डॉक्टर म्हणाले. बाकीच्याबद्दल काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उठले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले.

निवेदन दादांनी तोंडी सांगितलं, आत्याने लिहून घेतलं, तीन ओळींत संपलं. त्यात 'तर' नव्हता, आप्पा नव्हते, दात नव्हते. विश्वस्तांना ते फार उघडं वाटलं. त्यांनी फोन करून विचारलं की एखादा 'तर' घालता येईल का. आईनेच फोन उचलला होता, आणि जी बाई दुपारपर्यंत 'तर'च्या बाजूने लढत होती तिने सांगितलं की आमच्या घरातले 'तर' संपले.

शनिवारी प्रार्थनाघर खच्चून भरलं. तीनशे माणसं असतील, मागे उभी राहिलेली धरून. बरीच नवी होती आणि ती दादांकडे अशा डोळ्यांनी बघत होती की दादांना कळलं, ही माणसं दुसऱ्या तलवारीसाठी आली आहेत. दादा उभे राहिले. मागच्या आठवड्यात मी एका धर्माबद्दल एक वाक्य बोललो, ते म्हणाले. ज्यांच्याबद्दल बोललो त्यांतल्या एकाही माणसाला मी आधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायला माझ्या घरातच माणसं होती. मी चुकीचं बोललो. ते वाक्य घेऊन कुणी कुणाच्या दाराला कागद चिकटवत असेल, तर त्या कागदावर माझा फोटो असला तरी मी त्याच्यासोबत नाही. मग त्यांनी रागावरचं उरलेलं प्रवचन पुरं केलं. ते संपेपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या आणि पुढच्या रांगेत नेहमीची दहा-बारा डोकी छातीवर कलली होती. दादांना त्यांच्याबद्दल इतका जिव्हाळा आजवर वाटला नव्हता.

माफीचा व्हिडिओ दोनशे चौदा वेळा पाहिला गेला. त्यातल्या तीसेक वेळा तो आईनेच पाहिला.

हे एवढ्याने भागणार नाही, हे दादांना कळत होतं. सोमवारी दुपारी त्यांनी पांढरा झगा घातला, तो एरवी प्रवचनाशिवाय घालत नसत, आणि ते डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन काचेजवळच्या बाकावर बसले. रस्त्यावरून दिसतील असे. काउंटरवरच्या बाईंनी काय त्रास होतोय विचारलं. काही नाही, म्हणाले, बसतो जरा. मंगळवारी पुन्हा आले. बुधवारीही. प्रार्थनाघरातली माणसं काचेपलीकडून जाता जाता थबकत, दादांना नमस्कार करत, दादा आतून हात करत. गुरुवारी वेळ रद्द केलेल्यांपैकी दोन बायका डोकं आत घालून गेल्या आणि शुक्रवारची वेळ घेऊन गेल्या. डॉक्टर आतल्या खोलीतून येता-जाता दादांना बघत. बोलत नसत. एकदा फक्त बाईंकडे निरोप दिला की यांना सांगा, पेशंटना प्रवचन देऊ नका, एकाचं ब्लडप्रेशर वाढलंय.

शुक्रवारी दादांच्या शेजारी एक गॅरेजवाला येऊन बसला. गाल सुजलेला, हाताने दाबून धरलेला. त्याने दादांना ओळखलं, जवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला की तुम्ही पहिल्यांदा जे बोललात तेच बरोबर होतं. मी ते सगळ्यांना पाठवलं. नंतर तुमच्यावर दबाव आला असणार, आम्हाला कळतं.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. तीनशे माणसांसमोर बोलणं सोपं गेलं होतं. हे अवघड होतं. हा माणूस त्यांना मान देत होता, आणि त्याला फार दुखत होतं.

"मग तुम्ही इथे कसे?" त्यांनी विचारलं.

"दाढ. तीन दिवस झोप नाही." गॅरेजवाल्याने आत बोट दाखवलं. "डॉक्टर चांगला आहे. हात हलका आहे याचा. माझी सगळी पोरं इथेच येतात."

दादांना हसू फुटलं. त्यांनी ते आवरलं, मग उठून उभे राहिले, कारण बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. बाकावर पाच माणसं होती, काउंटरवर बाई होत्या.

"माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता," ते म्हणाले. "मी चुकीचं बोललो होतो, आणि तुम्ही ते पुढे पाठवलंत. मी माझं मागे घेतलं. तुम्हीही घ्या. ज्यांना पाठवलंत त्यांना कळवा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

गॅरेजवाला काही तरी बोलणार होता. तेवढ्यात आतून त्याला हाक आली. तो गाल धरून उठला, दादांकडे एकदा वळून पाहिलं आणि आत गेला. दार लागलं. ड्रिलचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. दादा बसले.

वीस मिनिटांनी गॅरेजवाला बाहेर आला. अर्धा चेहरा बधीर, ओठ एका बाजूला लोंबलेला. तो दादांसमोर थांबला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून नुसताच हवेचा आवाज आला. त्याने खिशातून फोन काढला, दादांना दाखवला, आणि अंगठ्याने काहीतरी लिहायला लागला. काय लिहितोय ते दादांना चष्म्याशिवाय दिसेना.

डॉक्टर हात पुसत त्याच्या मागोमाग दाराशी आले.

"दोन तास गरम काही घ्यायचं नाही," त्यांनी त्याला बजावलं. "आणि बोलायचंही नाही." मग त्यांची नजर बाकाकडे वळली. तिथे पांढऱ्या झग्यात दादा बसले होते. आठवडाभरात डॉक्टर पहिल्यांदाच त्यांच्याकडे थेट बघत होते. "हे दोघांनाही सांगतोय."

दादांनी मान डोलावली, आणि तोंड उघडलं नाही.